आवरून ठेवलेली चोरी

कौसल्याकाकूंच्या घरी चोरी झाली, त्यात सर्वात जास्त नुकसान माझं झालं, असं माझं अजूनही म्हणणं आहे. काकूंचा टीव्ही गेला, मिक्सर गेला, भरलेलं सिलिंडर गेलं, चांदीचे पैंजण गेले, हे खरं. पण त्या वस्तूंचा विमा होता. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे शोभाताईंनी, त्या दिवसापासून एक वाक्य धरून ठेवलं आहे. "चोर येऊन गेला तरी त्या बाईचं घर लखलखीत, अन् आपल्या घरी चोर न येताच हे हाल." हे वाक्य मला रोज सकाळी चहाबरोबर मिळतं, आणि त्याची भरपाई देणारी पॉलिसी अजून निघालेली नाही.

प्रताप नगरात आमची आणि काकूंची भिंत एक आहे. भिंतीच्या अलीकडे मी, माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं, त्यांच्या चपला, दप्तरं, खोडरबराचा कचरा आणि सोफ्यावर घड्या व्हायची वाट पाहणारे कपडे. भिंतीच्या पलीकडे कौसल्याकाकू एकट्या, आणि त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूला नेमून दिलेली जागा. काकूंकडे अंगणाचा झाडू वेगळा, खोल्यांचा वेगळा, आणि त्या दोन्ही झाडूंना झाडायला तिसरा. गॅसवाल्यानं सिलिंडर आणलं की ते आधी नळाखाली न्हाऊन निघतं, मग स्वयंपाकघरात जातं. त्यांचे यजमान देवरावकाका वीज खात्यात लाइनमन होते. ते खांबावरून उतरून घरी आले की काकू त्यांना आधी अंगणातल्या नळाखाली उभं करत. विजेचं काम करणारा माणूस कायम ओलाचिंब, हे दृश्य साऱ्या गल्लीनं पाहिलेलं आहे.

काका जाऊन काही वर्षं झाली. एकुलता मुलगा प्रेमानंद पुण्यात नोकरीला. मुलगा चांगला आहे, आईवर जीव आहे, पण दर रविवारी फोनवर एकच विषय: घराला कुलूप घाल आणि इकडे ये. काकू दर रविवारी पाहू म्हणायच्या आणि फोन ठेवून खिडकीचे गज पुसायच्या. पुण्याला त्या एकदा जाऊन आल्या होत्या. सुनेच्या स्वयंपाकघरात आपल्याला हात लावू देत नाहीत, एवढंच त्यांनी मला सांगितलं. त्यात तक्रार नव्हती, पण पुन्हा जायचं मन नाही हे कळत होतं. हे घर काकांनी आणि त्यांनी एकेक खोली वाढवत बांधलं होतं, आणि शेवटपर्यंत इथंच राहायचं एवढीच त्यांची इच्छा होती.

त्या मे महिन्यात काकू कन्हानला, म्हणजे माहेरी, भाचीच्या मुलीच्या नामकरणाला मुक्कामी गेल्या. नागपुरात मे महिना हा चोरांचा सीझन असतो. लोकांना वाटतं चोराला अंधार लागतो. चोराला कूलर लागतो. घरोघरी कूलर सुरू झाला की शेजारी तोफ उडाली तरी ऐकू येत नाही. आमचा कूलर तर काकूंच्या दाराच्या बाजूच्याच खिडकीत आहे आणि तो ट्रॅक्टरसारखा आवाज करतो. त्या आवाजाच्या आडोशानं कुणीतरी काकूंचं दार फोडलं, आणि आम्ही खसच्या वासात गाढ झोपलो होतो.

सकाळच्या गाडीनं काकू परतल्या. कडी उखडलेली, कुलूप तसंच तिला लटकलेलं, आत कपाटं उघडी, साड्या जमिनीवर, डाळीचे डबे पालथे. दुसरी बाई असती तर किंचाळली असती आणि सगळी गल्ली गोळा झाली असती. काकूंनी शांतपणे पोलिसांना फोन केला. तिकडून उत्तर आलं, तासाभरात साहेब येतात.

हे ऐकून त्यांनी पदर खोचला.

तासाभरात पोलीस काही येत नसतात, दोन-अडीच तास गेलेच. तेवढ्या वेळात काकूंनी साऱ्या साड्या झटकून घड्या करून कपाटात लावल्या. डाळ चाळून, निवडून परत डब्यात भरली. चोराच्या चपलांचे ठसे दारापासून देव्हाऱ्यापर्यंत, म्हणजे त्यांच्याकडे बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो आहेत तिथपर्यंत, उमटले होते. ते त्यांनी फिनाइल टाकून तीनदा पुसले. फोडलेलं दार बरं दिसत नाही म्हणून नाक्यावरच्या मिस्त्रीला बोलावून नवी कडी बसवून घेतली, जुनी भोकं लांबीचा लगदा भरून बुजवली आणि वरून रंगाचा हात मारून घेतला. तेवढ्यात कबाडी गल्लीतून ओरडत गेला. घरात भंगार ठेवायचं नाही हा काकूंचा नियम, म्हणून उखडलेली कडी आणि कुलूप त्याला देऊन टाकलं. मग आंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसली आणि पाहुण्यांची वाट पाहावी तशा बाहेरच्या खोलीत बसून राहिल्या.

पोलिसांची जीप थांबली तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी झाल्याचं कळलं. हवालदार खाली उतरले. त्यांनी काकूंच्या उघड्या दारातून आत पाहिलं, मग माझ्या उघड्या दारातून आत पाहिलं, आणि सरळ माझ्या घरात शिरले. सोफा, टेबल, जमीन यांवरून नजर फिरवून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"लय उचकलं मॅडम तुमचं घर," ते कळवळून म्हणाले. "कशालेच हात लावू नका आता."

मी त्यांना सांगितलं की चोरी शेजारी झाली आहे. त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. आतल्या खोलीतून शोभाताई हसत होत्या, ते मला कूलरच्या आवाजातही ऐकू आलं.

काकूंच्या घरात हवालदारांनी न सांगता बूट काढले. त्यांनी टीव्हीची रिकामी जागा पाहिली, तिथंही धूळ नव्हती. दार पाहिलं, रंग ओला होता, बोटाला लागला. चहा झाला, चिवडा झाला. पंचनाम्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की घरातील सर्व सामान व्यवस्थित लावलेलं आढळलं आणि दार सुस्थितीत आहे. काकूंना ते वाचून दाखवलं तेव्हा त्या समाधानानं मान डोलवत होत्या. कुणीतरी सरकारी कागदावर आपल्या घराचं कौतुक लिहिलंय असंच त्यांना वाटलं असावं.

घराचा विमा काकांनी काढलेला होता. कर्ज घेताना बँकेनं तो गळ्यात मारला, कर्ज फिटलं, पण काका हप्ता भरत राहिले. काका भरत होते म्हणून काकू भरत राहिल्या. त्याचा उपयोग काय, हे दोघांनीही कधी विचारलं नव्हतं. मी पॉलिसी काढून वाचली, कंपनीला फोन लावला, बराच वेळ सनईसारखं काहीतरी ऐकलं आणि शेवटी एका मुलीनं क्लेम नोंदवून घेतला. तिनं शेवटी एक गोष्ट बजावली. चोर जबरदस्तीनं घरात शिरला याची खूण दिसली पाहिजे, नाहीतर क्लेम मिळत नाही.

मी फोन ठेवला आणि दाराकडे पाहिलं. इतकं गुळगुळीत दार साऱ्या प्रताप नगरात नव्हतं.

कंपनीचे सर्व्हेअर लांजेवार साहेब दोन दिवसांनी भर दुपारी आले. पन्नाशीचे, बारीक, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. लोकांचे क्लेम तपासून तपासून त्यांच्या चेहऱ्यावर एक कायमची शंका येऊन बसली होती. ते आल्याबरोबर काकू ट्रेमधून पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. ग्लास असा की त्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं.

"नको," लांजेवार ग्लासाकडे न पाहता म्हणाले. "तहान नाही."

काकू क्षणभर ट्रे धरून तशाच उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. त्यांना ते लागलं, हे मला दिसलं. एवढं लागण्यासारखं त्यात काय आहे, ते मात्र तेव्हा कळलं नाही.

लांजेवारांनी पंचनामा वाचला, दार पाहिलं, कपाट उघडलं. कपाटातल्या साड्या रंगाच्या क्रमानं लावलेल्या पाहून त्यांची शंका आणखी वाढली. असं घर आपण बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नाही आणि हे चोरी झालेलं घर आहे असं लिहायला आपला हात धजत नाही, असं त्यांनी सांगितलं. फोडलेली कडी दाखवा म्हणाले. काकूंनी ती भंगारात दिल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन मिटून खिशात ठेवला. आठवडाभरात काही पुरावा मिळाला तर कळवा, नाहीतर आपण क्लेम नामंजूर करण्याची शिफारस करू, एवढं बोलून ते उन्हात निघून गेले.

संध्याकाळी प्रेमानंदचा फोन आला. सगळं ऐकल्यावर तो चिडला नाही, त्यापेक्षा वाईट केलं. तो हळू आवाजात बोलू लागला, जसं आजारी माणसाशी बोलतात. घरात चोरी झाली आणि आईनं चोरी धुऊन पुसून टाकली, हे काही शहाण्या माणसाचं लक्षण नाही, वय झालंय, एकटं राहून डोक्यावर परिणाम होतो, पुण्यात चांगले डॉक्टर आहेत, असं सगळं. काकू स्पीकरवर ऐकत होत्या आणि मी समोर बसले होते.

"म्हणजे मी पागल झाली, असं म्हणून राहिला का तू?" काकूंनी विचारलं.

तसं नाही, तसं नाही, करत प्रेमानंदनं शेवटी एक अट घातली. आईनं हा क्लेम स्वतः निभावून पास करून दाखवला, तर तो पुण्याचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही झाला, तर महिनाअखेर तो गाडी घेऊन येईल आणि घराला कुलूप. काकूंनी हो म्हटलं. मग खिडकीचे गज पुसायला न उठता त्या तशाच बसून राहिल्या, तेव्हा मला त्यांची काळजी वाटली.

मी माझ्या स्वभावाला शोभेल असा उपाय सुचवला. नवी कडी आपणच पहारीनं उखडू, दाराचं थोडं लाकूड तोडू, लांजेवारांना काय कळतंय. पहार आमच्याकडे होती, कुठे होती ते शोधावं लागलं असतं एवढंच.

काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझ्या शाळेतल्या बाई आठवल्या. "पहिल्यानं फोडलं तो चोर होता," त्या म्हणाल्या. "आता मी फोडलं तं मीच चोर झाली न, वं."

मग राहिला एकच मार्ग, भंगारात गेलेली खरी कडी शोधणं. तो कबाडी रुपराव नावाचा आणि त्याचं दुकान जरीपटक्याकडे, एवढी माहिती गल्लीतून मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंना स्कूटीवर मागे बसवून निघाले. बसण्याआधी त्यांनी माझी स्कूटी पुसली. नंबर प्लेटवरचा शेवटचा आकडा तीन नसून आठ आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

रुपरावच्या दुकानात माणसाच्या उंचीचे लोखंडाचे ढीग होते: खाटा, सायकली, कूलरचे गंजलेले पत्रे, तुटक्या कड्या तर पोतंभर. मला वाटलं झालं, आता पुण्याचं तिकीट काढायला हरकत नाही. मी रुपरावला दिवस सांगितला, गल्ली सांगितली, कडीचं वर्णन करायला लागले. त्यानं हात वर करून मला थांबवलं आणि काकूंकडे पाहिलं.

"या बाईचं भंगार शोधाले येळ लागत नाही," तो म्हणाला. "धुतलेलं असते."

खरंच, पोतं पालथं केल्यावर गंजाच्या त्या राशीत एकच कडी चमकत होती, आणि कुलूपही. कबाड्याला द्यायची वस्तूसुद्धा काकूंनी आधी साबणानं धुऊन, पुसून दिली होती. सुदैवानं कडीचा दांडा मात्र वाकलेलाच होता, ओढून निघालेले स्क्रू तसेच होते, आणि स्क्रूला चिकटलेल्या लाकडाच्या चिपा काकूंच्या घासणीलाही पुरून उरल्या होत्या. रुपरावनं पैसे घेतले नाहीत. काकूंनी त्याची परतफेड तिथल्या तिथं केली: मी स्कूटी वळवून आणेपर्यंत त्यांनी त्याचे नळाचे तुकडे एकीकडे आणि बिजागऱ्या एकीकडे लावून दिल्या.

घरी आल्यावर कडी मी माझ्याकडे ठेवली. काकूंकडे ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर स्वतःचा चेहरा दिसला असता. माझ्या घरात ती दप्तरांच्या खाली आठवडाभर निर्धास्त पडून होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्या पसाऱ्याचा कुणाला उपयोग झाल्याची ही पहिलीच वेळ, आणि मी ती गोष्ट शोभाताईंना मुद्दाम जेवताना सांगितली.

लांजेवार पुन्हा आले, त्याच उन्हात, तोच घाम. या वेळी काकूंनी पाणी आणलं नाही. लांजेवारांनी कडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, नव्या कडीखालचा रंग खरवडला, लांबी काढली आणि जुनी भोकं जुळवून पाहिली. जुळली. दार फोडलं गेलं हे त्यांनी मान्य केलं. पण दार फुटलं म्हणजे सामान गेलं असं होत नाही, असं म्हणून ते पुन्हा खुर्चीत बसले. टीव्हीचं बिल प्रेमानंदच्या नावावर होतं, म्हणून त्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मी फोन धरून उभी राहिले. प्रेमानंदनं बिल दाखवलं.

मग लांजेवार काकूंना म्हणाले की चोर गेल्यावर घर कसं होतं, ते जसंच्या तसं करून दाखवा.

मी आयुष्यात बरीच नाटकं पाहिली, पण असं पाहिलं नाही. काकूंनी कपाट उघडलं. एक साडी काढली. ती हातात धरून जमिनीकडे पाहिलं. मग आत जाऊन एक धुतलेली चादर आणली, जमिनीवर अंथरली, तिच्या सुरकुत्या काढल्या, आणि त्या चादरीवर घडी न मोडता साडी ठेवली. तिच्यावर दुसरी. कडा जुळवून.

"चोरानं अशा ठेवल्या होत्या?" लांजेवारांनी विचारलं.

"नाही. फेकल्या होत्या."

"मग फेका."

काकूंनी तिसरी साडी उचलली, हात मागे नेला, डोळे मिटले, आणि हात पुन्हा खाली आणला. होत नाही म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. फोनमधून प्रेमानंद आई, राहू दे, राहू दे, करत होता. लांजेवारांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तो त्यांनी लगेच जागेवर आणला.

शेवटी मी फोन फ्रिजला टेकवून ठेवला आणि पुढे झाले. मला पसारा करू द्या, काकू फक्त सांगतील, असा मी प्रस्ताव मांडला. या कामात माझा हात धरणारं प्रताप नगरात कुणी नाही. लांजेवारांनी परवानगी दिली आणि आम्ही सुरू झालो.

काकू खोलीच्या मध्ये उभ्या राहून सांगत गेल्या. निळी साडी पलंगाच्या पायाशी, उलटी. हिरवीचा पदर खुर्चीवर, बाकीची खाली. उशी दाराजवळ, खोळ अर्धी निघालेली. तुरीच्या डाळीचा डबा ओट्याखाली आडवा, चण्याचा त्याच्या मागे, झाकण मात्र पार न्हाणीघराच्या उंबऱ्याशी. मी एकदा झाकण चुकून डावीकडे टाकलं तर त्यांनी मला थांबवलं, उजवीकडे होतं म्हणाल्या. पैंजणाची रिकामी डबी, काकांचा जुना टॉर्च, औषधाची पिशवी, एकेक वस्तू त्यांच्या तोंडून जागच्या जागी येत गेली. एकदाही त्या अडखळल्या नाहीत. चोरालासुद्धा एवढं आठवलं नसतं. दहा-पंधरा मिनिटांत ते घर माझ्या घरासारखं दिसायला लागलं आणि मला जरा मोकळं वाटलं.

लांजेवार उठून उभे राहिले. त्यांनी पसाऱ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. आता त्यांच्या बोलण्यात सर्व्हेअरचा आवाज नव्हता.

"एवढं सगळं ध्यानात आहे तुमच्या. मग आवरलं काहून, काकू?"

दाराजवळ पडलेली उशी काकूंनी उचलली आणि पोटाशी धरली.

"साहेब, माहं माहेर कन्हानचं. बाप खाणीत होता. घरात कोळशाची धूळ. माय दिवसातून तीन-तीनदा सारवे, झाडे, भांडे घासे. कधी गुरुजी येत, कधी हाफिसातला बाबू ये. दारातच उभे राहात. माय तांब्याचं गुंड घासून पुसून त्यातलं पाणी देई, तं म्हणत, तहान नाही. मे महिन्यात म्हणत, साहेब, तहान नाही. माय म्हणे, आपल्या घरात त्याइले नाव ठेवाले काहीच भेटलं नाही पाहिजे. मग पाहू काय कारण सांगते." त्यांनी उशीची अर्धी निघालेली खोळ वर ओढली. "त्या दिवशी मी दार उघडलं, तं पसारा पाहून पहिलं हेच मनात आलं का आता साहेब लोक येतीन. चोरी त्यानं केली, पण घर तं माहं दिसणार होतं न."

आमचा कूलर भिंतीपलीकडे घरघरत होता. फ्रिजला टेकवलेल्या फोनमध्ये प्रेमानंद दिसत होता, त्यानं चष्मा काढून ठेवला होता. तो पन्नास वेळा कन्हानला गेलेला मुलगा, पण हे त्याला कधी कुणी सांगितलेलं नव्हतं. मलाही वाईट वाटलं. इतकी वर्षं मी या बाईच्या तीन झाडूंवर विनोद करत आले होते आणि ते विनोद चांगलेही होते.

लांजेवार खाली बसले. शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं.

"काकू, पाणी द्या," ते म्हणाले. "त्या दिवशी बी लागलीच होती तहान. आमच्या कामात लोक म्हणतात सर्व्हेअर चहापाणी घेऊन गेला, म्हणून मी कोणाच्याच घरी काही घेत नाही. आज घेतो."

काकू आत गेल्या. आत जरा वेळ लागला. मग ग्लास भरून आणला, ट्रे न घेता, हातात. लांजेवारांनी तो एका दमात संपवला, आणखी मागितला, तोही प्यायले. काकांनी हौसेनं करवून घेतलेल्या सागवानी टीपॉयवर ग्लास ठेवला आणि पेन काढून लिहायला बसले. ते गेटपर्यंत पोहोचायच्या आत काकूंनी मला विचारलं, आता आवरू का. मी म्हटलं, आवरा.

क्लेम पास झाला. काही रक्कम कापून, पण झाला. अहवालाची प्रत आली, त्यात लांजेवारांनी लिहिलं होतं की विमाधारक महिलेला स्वतःचं घर अस्ताव्यस्त करता येत नाही हे आपण प्रत्यक्ष पाहिलं असून, सदर पसारा तिनं बनावट केला असणं अशक्य आहे. हे वाक्य शोभाताईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

प्रेमानंद महिनाअखेर आलाच, पण कुलूप घालायला नाही, नवा टीव्ही भिंतीवर लावून द्यायला. अंगणातल्या नळाखाली स्वतःहून पाय धुऊन आत आला. जेवताना त्यानं पुण्याचं नाव काढलं नाही. आईला कन्हानच्या गोष्टी विचारत होता. मी चहाला म्हणून गेले आणि रेंगाळले.

टीव्ही लावून झाल्यावर प्रेमानंद टीपॉयजवळ बसला. पॉलिशवर ग्लासाचा एक पांढरट गोल डाग उमटलेला होता. त्या घरात डाग म्हणजे मला अजूनही डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. त्यानं सवयीनं फडकं घेतलं आणि पुसायला हात पुढे केला. काकूंनी त्याचा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "साहेब पाणी पिऊन गेले तिथं."

प्रेमानंदनं फडकं बाजूला ठेवलं. मला वाटलं आता या घराचे नियम सैल झाले, म्हणून मी माझा चहाचा कप त्या डागाच्या शेजारी ठेवला. काकूंनी तो तत्काळ उचलला, खालची जागा पदरानं पुसली आणि माझ्या हातात बशी दिली.